जाड डेनिमचा कापूस आणि कापड कुठून येते: खान्देशातील नवख्यांसाठी मार्गदर्शक

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कपाशीचे शेत न पाहिलेला माणूस सापडणे कठीण आहे. परंतु त्या कापसाचे पुढे कोणते कापड होते, असे विचारले तर बहुतेकांची माहिती जिनिंगच्या फाटकापाशी संपते. गाठी ट्रकमध्ये चढतात, ट्रक गुजरातच्या किंवा दक्षिणेच्या रस्त्याला लागतो आणि पुढचा प्रवास आपल्या नजरेआड होतो. दुकानात जाड डेनिमची पँट हाती घेणाऱ्याची अडचण याच्या नेमकी उलट असते. त्याच्या हातात कापड असते, पण त्यामागचे सूत, रुई आणि शेत यांचा काहीच पत्ता नसतो. ज्यांना जाड डेनिम समजून घेऊन विकत घ्यायचे आहे, किंवा जे शिंपी आणि लहान शिवण कारखान्यांचे चालक तागे आणून पँटा शिवू इच्छितात, त्यांना हा प्रवास मागे मागे कसा शोधावा हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. एका जीन्सची मूळ ठिकाणे चार असतात: कापूस पिकला ते ठिकाण, सूत कातले ते ठिकाण, कापड रंगवून विणले ते ठिकाण आणि पँट शिवली ते ठिकाण. ही चारही ठिकाणे चार वेगवेगळ्या देशांत असू शकतात, आणि लेबलवर जे ‘मेड इन’ लिहिलेले असते ते बहुधा फक्त चौथ्या ठिकाणाबद्दल असते. त्यामुळे ‘ही जीन्स कुठली आहे?’ असा एकच प्रश्न विचारला की उत्तरही अर्धेच मिळते. प्रश्न चार विचारावेत आणि शिवणीपासून शेताकडे, अशा क्रमाने विचारावेत.

पहिली पायरी: वजन स्वतः मोजा

डेनिमची जाडी औंसात सांगतात. एक चौरस यार्ड कापडाचे वजन जितके औंस भरेल तितक्या औंसांचे ते डेनिम. आपल्याकडील गिरण्या हेच माप ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे ‘जीएसएम’मध्येही देतात. एक औंस म्हणजे जवळपास ३३.९ जीएसएम. या हिशेबाने १२ औंसांचे डेनिम सुमारे ४०७ जीएसएम, १४ औंसांचे ४७५, १६ औंसांचे ५४२ आणि २१ औंसांचे ७१२ जीएसएम भरते. बाजारात मिळणाऱ्या ताणल्या जाणाऱ्या नेहमीच्या जीन्स साधारणपणे १२ औंसांच्या आतल्या असतात. जाड कशाला म्हणावे याची एकच सर्वमान्य रेषा नाही. काही जण १४ औंसांपासून जाड धरतात, काही १६ पासून. या लेखात १४ औंस आणि त्यापुढचे कापड धरले आहे.

विक्रेत्याने सांगितलेला आकडा तसाच स्वीकारण्याची गरज नाही. ताग्याच्या कडेचा भाग सोडून आतून १० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद असा चौकोन अचूक कापून घ्यावा आणि ओळखीच्या सराफाकडे काट्यावर ठेवावा. ग्रॅमचे दशांश दाखवणारा काटा जळगावच्या सराफ बाजारात दुकानोदुकानी असतो. जे वजन भरेल त्याला १०० ने गुणले की जीएसएम मिळते, आणि त्याला ३३.९ ने भागले की औंस मिळतात. चौकोन ५.४ ग्रॅम भरला तर कापड १६ औंसांचे आहे. मात्र कोऱ्या कापडात ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना लावलेली खळ शिल्लक असते. धुतल्यावर ती निघून जाते आणि वजन घटते, पण त्याच वेळी कापड आटून दाट होते आणि चौरस मीटरमागचे वजन वाढते. म्हणून विक्रेत्याचा आकडा धुण्यापूर्वीचा आहे की नंतरचा, हे विचारूनच तुलना करावी.

या वजनातून कापसाचाही हिशेब निघतो, आणि खान्देशातल्या माणसाने तो एकदा तरी करून पाहावा असे मला वाटते. मोठ्या पन्ह्याच्या कापडातून एका पँटला कातरणीसह सुमारे दोन चौरस मीटर कापड लागते असे धरले, तर १६ औंसांच्या पँटला जवळपास १ किलो ८० ग्रॅम कापड लागेल. पिंजण, कताई आणि विणकाम यांतली घट धरता त्यासाठी साधारण १ किलो २०० ग्रॅम रुई हवी. कापसात रुईचा उतारा ३४ टक्क्यांच्या आसपास धरला तर ही रुई सुमारे साडेतीन किलो कापसातून निघते. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. त्या दराने या साडेतीन किलोंची किंमत २८५ रुपयांच्या आत बसते, आणि त्यातून निघालेली दोन किलोंहून अधिक सरकी तेल आणि पेंडीसाठी वेगळी विकली जाते. जाड जीन्स हजारो रुपयांना विकली जाते तेव्हा त्या किमतीत कापूस पिकवणाऱ्याचा वाटा किती, हे या आकड्यावरून कळते. बाजारभाव हमीभावाच्या खाली गेलेला असेल तर तो आणखी कमी होतो.

दुसरी पायरी: कापूस कसा लागतो ते समजून घ्या

जाड डेनिमला सर्वांत लांब आणि तलम कापूस लागतो, हा गैरसमज नवख्यांमध्ये फार पसरलेला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. लांब, तलम धागा लागतो तो बारीक सुतासाठी, म्हणजे मलमल किंवा उंची शर्टिंगसाठी. जाड डेनिमचे सूत ठोकळ असते. त्याच्या एका धाग्यात तंतूंची संख्या खूप असल्याने मध्यम लांबीचा तंतूही पुरेसे बळ देतो. जाड डेनिमसाठी कापूस निवडताना गिरणी पाहते ती वेगळ्या गोष्टी: तंतूची ताकद, त्याची परिपक्वता, कचऱ्याचे प्रमाण आणि रंगाचा एकसारखेपणा. तंतूच्या जाडीचे आणि परिपक्वतेचे माप ‘मायक्रोनेअर’ या नावाने देतात. साधारण ३.५ ते ४.९ ही त्याची चांगली मानली जाणारी मर्यादा आहे आणि डेनिमला त्यातील वरच्या बाजूचा कापूसही चालतो. अपरिपक्व तंतू मात्र चालत नाहीत. ते नीळ नीट धरत नाहीत, त्यांच्या गुठळ्या होतात आणि कापडावर फिकट ठिपके दिसतात.

आता खान्देशाकडे पाहू. तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन कपाशीला मानवते. ज्यांच्याकडे विहिरीचे पाणी आणि ठिबक आहे ते शेतकरी आखाजी झाल्यानंतर, मेच्या उत्तरार्धात पूर्वहंगामी लागवड करतात. कोरडवाहू शेतकरी मृगाच्या पावसाची वाट पाहतो. पूर्वहंगामी कापूस गणेशोत्सवाच्या सुमारास बाजारात येऊ लागतो आणि कोरडवाहू कापसाची वेचणी दिवाळीच्या आसपास जोर धरते. बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि तेव्हापासून आपल्या शेतांतून जवळजवळ सगळीकडे अमेरिकन कुळातील संकरित बीटी वाण दिसतात. त्यांचा तंतू साधारण २८ ते ३० मिलिमीटर असतो. डेनिमच्या गरजेपेक्षा ही लांबी कमी तर नाहीच, उलट थोडी अधिकच आहे. म्हणजे आपला कापूस जाड डेनिमला लांबीच्या कारणाने नाकारला जाईल अशी स्थिती नाही.

अडचण असते ती वेचणीत आणि साठवणीत. पहिल्या आणि दुसऱ्या वेचणीचा कापूस पांढराशुभ्र आणि भरदार असतो. पुढे गुलाबी बोंडअळीने पोखरलेल्या बोंडांतून पिवळसर कवडी निघते, आणि फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडे राखून पुन्हा कापूस घेतला, तर तंतू आखूड आणि अशक्त येतो. शेतकरी किंवा व्यापारी हे सगळे एकत्र करतो तेव्हा चांगल्या कापसाचीही प्रत उतरते. दुसरी अडचण परक्या धाग्यांची. आपल्याकडे कापूस हाताने वेचला जातो, ही मोठी जमेची बाजू आहे, कारण यंत्राने वेचलेल्या कापसात पानांचा कचरा अधिक येतो. परंतु तोच कापूस आपण खताच्या प्लॅस्टिक गोण्यांत भरतो आणि त्या गोण्यांचे तंतू, सुतळीचे तुकडे आणि केस रुईत मिसळतात. प्लॅस्टिकचा तंतू नीळ घेत नाही. तो निळ्या कापडात पांढऱ्या रेषेसारखा उठून दिसतो. नजरेत भरणारा हा दोष टाळण्यासाठी वेचणीला सुती पिशवी आणि डोक्याला फडके एवढेच पुरते. भारतीय कापसाचे नाव जगात ज्या कारणाने खाली येते त्यात हे कारण फार वरचे आहे, आणि ते शेतावरच दूर होण्यासारखे आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिले.

जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते. आपल्याकडे प्रामुख्याने डबल रोलर यंत्रे आहेत; अमेरिकेत करवतीच्या दात्यांची यंत्रे वापरतात. रोलरवर तंतू कमी तुटतो, पण वेग कमी असतो. नंतर रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. भाव मात्र खंडीने बोलला जातो, आणि एक खंडी म्हणजे साधारण ३५६ किलो रुई. नवख्याने हे तीन शब्द एकमेकांत गोंधळू देऊ नयेत: शेतकऱ्याचा भाव क्विंटलने आणि कापसाचा, जिनरचा भाव खंडीने आणि रुईचा, गिरणीची मोजणी गाठींची.

तिसरी पायरी: सुताचा नंबर आणि कताईची जात ओळखा

सुताची जाडी नंबराने सांगतात आणि हा नंबर उलटा चालतो: नंबर जितका लहान तितके सूत जाड. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या होतात तो त्याचा नंबर. सात नंबरचे सूत म्हणजे एका पौंडात सात लड्या, अर्थात ५,८८० यार्ड. शर्टाचे सूत ४०, ६० किंवा त्याहून वरच्या नंबराचे असते. जाड डेनिमचे सूत साधारणपणे सहा ते आठ नंबरच्या आसपास आणि २० औंसांच्या पुढे त्याहूनही ठोकळ असते.

कताईच्या दोन पद्धती माहीत असाव्यात. रिंग कताईत पेळू, म्हणजे कापसाची सैल वात, क्रमाने ताणत, पीळ देत सूत तयार होते. ते मजबूत, मऊ आणि किंचित उंचसखल असते. ओपन एंड किंवा रोटर कताईत सुटे तंतू वेगाने फिरणाऱ्या वाटीत टाकून थेट सूत काढतात. हे काम स्वस्त आणि जलद होते, त्यात आखूड तंतूही चालतो, पण सूत थोडे खरखरीत आणि तुलनेने कमी बळाचे होते. पारखायचे कसे? कापडाच्या कापलेल्या कडेतून पांढरा आडवा धागा आणि निळा उभा धागा वेगवेगळा काढावा आणि बोटांनी पिळाच्या उलट दिशेने उलगडावा. रिंगचा धागा सहज उलगडतो आणि तंतू समांतर मोकळे होतात. रोटरच्या धाग्याभोवती काही तंतू पट्ट्यासारखे गुंडाळलेले असतात, त्यामुळे तो पूर्ण उलगडत नाही. उभा धागा रिंगचा आणि आडवा रोटरचा, अशी जोडही सर्रास वापरली जाते. त्यात फसवणूक नाही, मात्र ‘पूर्ण रिंग’ म्हणून जास्त दर लावला असेल तर दोन्ही धागे तपासूनच पैसे द्यावेत.

आपल्या भागात कताई होतेच. शिरपूरची प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणी आणि धुळ्याजवळ मोराण्याची जवाहर शेतकरी सहकारी सूतगिरणी ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. एकेकाळी जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल आणि चाळीसगाव-धुळ्याच्या गिरण्या इथेच कापूस कातून इथेच कापड विणत होत्या. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खान्देश-वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मागणी आली. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली आणि पुढच्या काळात या गिरण्या उभ्या राहिल्या. आज आपल्या गाठींचा मोठा भाग कापड होण्यासाठी बाहेर जातो. त्या बाहेर कुठे जातात याचे एकच उत्तर नसते, कारण गिरणी सहसा एकाच ठिकाणचा कापूस वापरत नाही. वेगवेगळ्या केंद्रांवरच्या गाठी एकत्र करून ती मिश्रण लावते, म्हणजे वर्षभर सूत एकसारखे राहते. म्हणून ‘हे डेनिम फक्त जळगावच्या कापसाचे आहे’ असे कोणी म्हणाले, तर त्या लॉटचे वेगळे कागद मागावेत.

चौथी पायरी: नीळ कशी चढली ते पाहा

डेनिममध्ये रंगवतात तो फक्त ताणा, म्हणजे उभे धागे. बाणा, म्हणजे आडवे धागे, पांढराच ठेवतात. आज वापरली जाणारी नीळ जवळजवळ सगळी रासायनिक आहे, आणि तिचे व्यापारी उत्पादन जर्मनीत १८९७ मध्ये सुरू झाले. जाड डेनिमसाठी उत्तम मानली जाणारी पद्धत दोरखंडाची आहे. तीन-चारशे धागे एकत्र करून त्यांचा दोर करतात, तो निळीच्या हौदात बुडवतात आणि वर काढून हवेत फिरवतात. हौदात नीळ पिवळट-हिरवी असते आणि हवा लागली की निळी होते. असे अनेकदा केल्यावर रंग धाग्याच्या बाहेरच्या थरावर चढतो आणि गाभा पांढरा राहतो. हाच पांढरा गाभा पुढे झिजेच्या जागी दिसू लागतो. एक निळा धागा तिरका कापून भिंगाखाली पाहिला तर ते लगेच कळते. आतपर्यंत निळा किंवा काळा दिसला, तर बहुधा गंधकी रंगाचा भरपूर वापर झालेला आहे.

पाचवी पायरी: माग, किनार आणि गिरणी

डेनिमची वीण तिरकी असते. बहुतेक वेळा ताण्याचा धागा बाण्याच्या तीन धाग्यांवरून जाऊन चौथ्याखाली जातो. जुन्या धोट्याच्या मागावर (धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारे साधन) विणलेल्या कापडाचा पन्हा साधारण २८ ते ३३ इंच असतो आणि दोन्ही बाजूंना धोट्याच्या येण्याजाण्याने पक्की किनार तयार होते. आधुनिक मागावर पन्हा साठ इंचांच्या आसपास असतो, बाण्याचा प्रत्येक धागा कडेला कापला जातो आणि वेगही कितीतरी पट असतो. किनारीचे डेनिम म्हणजेच जाड डेनिम, असा समज योग्य नाही. बारा औंसांचेही किनारीचे कापड मिळते आणि आधुनिक मागावरही सोळा औंसांचे उत्तम कापड विणता येते. शिवणाऱ्याच्या दृष्टीने किनारीचा अर्थ वेगळा आहे: पन्हा निम्मा असल्याने एका पँटला लांबीने जवळजवळ दुप्पट कापड लागते, त्यामुळे मीटरचा दर नुसता ऐकून तुलना करू नये.

गिरण्यांची माहिती थोडी सविस्तर असावी, कारण ‘कापड कुठले’ या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे कोन मिल्सची व्हाइट ओक गिरणी १९०५ मध्ये सुरू झाली आणि लीव्हाइसच्या प्रसिद्ध जीन्सचे कापड तिने दीर्घकाळ पुरवले. ही गिरणी २०१७ च्या अखेरीस बंद पडली. तिच्या कापडाच्या नावाने आज कोणी नवा माल म्हणून विकत असेल, तर तो जुना शिल्लक साठा आहे का, हे विचारणे भाग आहे.

जाड डेनिमचे नाव आज सर्वाधिक जोडले जाते ते जपानशी. ओकायामा प्रांतातील कोजिमा आणि इबारा, तसेच शेजारच्या हिरोशिमा प्रांतातील फुकुयामा हा त्याचा मुख्य पट्टा. फुकुयामाच्या काइहारा या घराण्याने १८९३ मध्ये निळीचे पारंपरिक कापड विणण्यापासून सुरुवात केली आणि १९७० मध्ये ते दोरखंड पद्धतीच्या रंगाईकडे वळले. कुराबो या जुन्या गिरणीने १९७३ मध्ये आपले डेनिम बाजारात आणले. एकवीस, पंचवीस औंसांची कापडे तेथे मुद्दाम विणली जातात. मागावर इतका भार आला की वेग कमी ठेवावा लागतो आणि किंमत चढते. पण इथेच नवखा माणूस चुकतो. जपानमध्ये व्यापारी प्रमाणावर कापूस जवळजवळ पिकतच नाही. जपानी डेनिममधील कापूस अमेरिकेतून, झिंबाब्वेतून किंवा अन्य देशांतून आलेला असतो. फुलकाउंट हा जपानी जीन्सचा ब्रँड तर झिंबाब्वेच्या हाताने वेचलेल्या कापसासाठीच ओळखला जातो. म्हणून ‘जपानी कापसाचे डेनिम’ असे शब्द ऐकले की तेथेच थांबून पुढचा प्रश्न विचारावा.

इटलीत मिलानजवळची कँडियानी ही १९३८ पासूनची गिरणी, तुर्कस्तानातील इस्को, पाकिस्तान आणि चीनमधील मोठ्या गिरण्या ही बाकीची महत्त्वाची ठिकाणे. भारतात डेनिमचे सर्वांत मोठे केंद्र अहमदाबाद आहे. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अरविंद मिलने १९८० च्या दशकात डेनिमकडे मोर्चा वळवला आणि तिच्यामागोमाग तेथे अनेक गिरण्या उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात यवतमाळजवळ लोहारा येथे आणि नागपूर जिल्ह्यात रामटेकजवळ डेनिमचे कारखाने आहेत. खान्देशातून अहमदाबाद काय किंवा यवतमाळ काय, एका रात्रीच्या प्रवासावर आहे. लहान शिवण कारखान्याने जपानी ताग्याचा हट्ट धरण्याआधी या दोन ठिकाणांचे १४ ते १६ औंसांचे नमुने मागवून पाहावेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. मालेगाव आणि भिवंडीच्या यंत्रमागांकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नये. त्यांचे मुख्य काम हलक्या ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कापडाचे आहे आणि ताण्याची रंगाई तेथे सोबत नसते.

गिरणी भारतातली म्हणून कापूसही भारतातलाच, असेही गृहीत धरू नये. आपल्या गिरण्या भाव आणि प्रत पाहून अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेतील देशांतून रुई आयात करतात.

कापड ‘सॅनफोराइज्ड’ आहे की कोरे, हेही गिरणीलाच विचारावे. सॅनफर्ड क्लुएट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रक्रियेत कापड कातरण्यापूर्वीच यंत्राने आटवून घेतात, आणि मग घरी धुतल्यावर ते तीन टक्क्यांहून जास्त आटत नाही. कोरे कापड दहा टक्क्यांपर्यंत आटू शकते. तागा घेतल्यावर अर्धा मीटर लांबीरुंदीच्या तुकड्यावर उभी-आडवी रेघ मारून तो गरम पाण्यात अर्धा तास भिजवावा, सावलीत वाळवावा आणि रेघा पुन्हा मोजाव्यात. आपल्या विहिरींचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, त्यामुळे गिरणीच्या आकड्यापेक्षा आपल्या पाण्यातला आकडा वापरून मापे काढणे अधिक सुरक्षित.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला प्रामाणिकपणे सांगावी. भुसावळ-जळगावचा पारा मेमध्ये ४५ अंशांच्या पुढे जातो आणि त्या उन्हात १६ औंसांची पँट घालणे सुखाचे नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत, मोटारसायकलवर किंवा वर्कशॉपच्या कामासाठी ती उत्तम. उन्हाळ्यासाठी ११-१२ औंसांचे कापड सुचवावे.

सहावी पायरी: दावे आणि कागद

आता चार प्रश्नांची उत्तरे कागदावर घेण्याची वेळ. शिवणीचे ठिकाण लेबलवर असते. कापडाच्या गिरणीचे नाव आणि त्या कापडाचा क्रमांक घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर किंवा ताग्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो. ती चिठ्ठी फाडून टाकलेली असेल तर तसा तागा मूळ सांगून विकण्यासाठी घेऊ नये. सुताबद्दल गिरणीकडून उभ्या आणि आडव्या धाग्याचा नंबर आणि कताईची पद्धत लिहून मागावी.

कापसाबद्दलचे कागद मिळवणे सर्वांत अवघड, पण पूर्वीइतके अशक्य राहिलेले नाही. चीनमधील शिनजियांग प्रांतातील सक्तीच्या श्रमाच्या प्रश्नावरून अमेरिकेने केलेला कायदा जून २०२२ पासून लागू झाला आणि तेव्हापासून अमेरिकेत माल पाठवणाऱ्या गिरण्यांना कापूस कुठला आहे हे गाठीपर्यंत दाखवावे लागू शकते. त्यामुळे निर्यात करणाऱ्या भारतीय गिरण्यांकडे अशी नोंद असू शकते. ती आवर्जून मागावी. ‘सुपिमा’ हे नाव अमेरिकेत पिकलेल्या अतिलांब धाग्याच्या पिमा कापसापुरतेच आहे आणि ते परवान्याशिवाय वापरता येत नाही. ‘सेंद्रिय’ म्हटले असेल तर नुसत्या चिन्हावर न जाता त्या विशिष्ट खरेदीचे व्यवहार प्रमाणपत्र मागावे, कारण गिरणीचे सर्वसाधारण प्रमाणपत्र आपल्या ताग्याबद्दल काहीच सांगत नाही. ‘बेटर कॉटन’ या नावाखाली येणारा माल अनेकदा मिश्रणाच्या हिशेबावर चालतो, म्हणजे तेवढा कापूस साखळीत खरेदी झालेला असतो, पण तोच तंतू आपल्या कापडात असेल असे नाही. भारतीय कापसासाठी केंद्र सरकारच्या पाठिंब्याने ‘कस्तुरी कॉटन भारत’ ही ओळख तयार करण्यात आली आहे. तिची घोषणा ७ ऑक्टोबर २०२० रोजी झाली आणि तिच्यात गाठीची प्रत तपासून तिला संकेत लावण्याची व्यवस्था आहे. खान्देशातील जिनरांनी या व्यवस्थेत मोठ्या संख्येने उतरावे असे मला मनापासून वाटते, कारण आपल्या भागाचे नाव कापडापर्यंत टिकवण्याचा सध्या दिसणारा हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

पहिली ऑर्डर देताना मोठी देऊ नये. एक तागा मागवावा, वर सांगितल्याप्रमाणे वजन, धागा, गाभा आणि आटण्याचा आकडा तपासावा, आणि तपासलेल्या तुकड्याला त्या ताग्याची चिठ्ठी टाचून वहीत लावून ठेवावी. पुढच्या ताग्याचा रंग किंवा वजन वेगळे आले तर तक्रार करताना हाच तुकडा पुढे करता येतो. स्वतःच्या पँटेवर लेबल लावायचे असेल तर शिवणीचे गाव, कापडाची गिरणी आणि औंसातले वजन लिहावे, आणि कापसाचे ठिकाण त्या लॉटचा कागद हाती आल्यावरच छापायला द्यावे.